सॅक्सोफोनचं ओझं

सॅक्सोफोनच्या पाठीवर एक छोटी पितळी कडी असते. गळ्यातल्या पट्ट्याचा हूक या कडीत अडकवतात आणि सगळं वाद्य तिच्यावर लोंबकळतं. जुना, वापरलेला सॅक्सोफोन हातात आला की मी आधी ही कडी बघतो. हूक घासून घासून ती वरच्या बाजूने पातळ झालेली असते. पितळ एवढं झिजलं, तर ज्याच्या गळ्यात ते वाद्य होतं त्याच्या मानेचं काय झालं असेल? सॅक्सोफोनच्या इतिहासावर जे वाचायला मिळतं त्यात सूर असतो, गाणी असतात, नावाजलेले वादक असतात. हे वजन कोणी, किती तास आणि कसं पेललं, ते नसतं. पुण्यात ब्रास बँडमध्ये उमेदीची वर्षं मी आल्टो सॅक्सोफोन वाजवला. मान आणि पाठ अजून दुखते. मला हा इतिहास मानेपासूनच सांगावासा वाटतो.

अडॉल्फ सॅक्स जन्मला १८१४ साली, बेल्जियममध्ये म्यूज नदीकाठच्या दिनां गावात. बाप वाद्यं बनवणारा. मुलगा पॅरिसला गेला आणि १८४६ साली तिथे त्याने सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. पितळी वाद्याचा जोर आणि क्लॅरनेटसारखा लवचिकपणा एकाच वाद्यात आणायचा, हा त्याचा ध्यास होता. त्यासाठी नळी खाली रुंद होत जाणारी, पितळी पत्र्याची, वर चाव्यांचा पसारा. क्लॅरनेट अंगठ्यावर तोलून धरता येतो. हे वाद्य तसं धरता येणं शक्यच नव्हतं, ते गळ्यात टांगावंच लागलं. आणि गिऱ्हाईक कोण, तर फ्रेंच लष्कर. १८४५ साली पॅरिसच्या शाँ द मार्सवर जुन्या घडणीचा लष्करी बँड आणि सॅक्सच्या नव्या वाद्यांचा बँड यांचा जाहीर सामना झाला, सॅक्सने तो मारला आणि पलटणींच्या बँडची दारं त्याला उघडली. म्हणजे सॅक्सोफोन वाढला तो उभं राहून आणि चालत वाजवणाऱ्या जवानांच्या गळ्यात.

आजचा आल्टो साधारण अडीच किलोचा, त्याहून मोठा टेनर तीन-साडेतीन किलोचा, आणखी मोठा बॅरिटोन सहाच्या आसपास. जुने यापेक्षा हलके असत, कारण चाव्या कमी होत्या. पुढे वरचे-खालचे स्वर वाढवत नेले, तशा चाव्या, दांड्या आणि पितळ वाढलं. वादकाची मान मात्र होती तेवढीच राहिली.

या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट शिक्षणाची आहे. १८५७ पासून सॅक्स स्वतः पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवत होता. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्ध झालं आणि तो वर्ग बंद पडला. तिथे सॅक्सोफोनचा वर्ग पुन्हा सुरू झाला तो १९४२ साली, मार्सेल म्यूलच्या हाताखाली. मधली बहात्तर वर्षं जगभर वाद्य पसरत होतं, आणि कॉन्झर्वेटरीत ते शिकवलं जात नव्हतं. व्हायोलिनच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून खांदा कसा ठेवायचा, हनुवटी कुठे टेकायची हे सांगायला पिढ्यान् पिढ्यांचे गुरू होते. सॅक्सोफोनवाला उभं राहणं शिकला तो पलटणीत आणि नाचघरात, शेजारच्याकडे बघून. त्यामुळे शेजारच्याची वाकडी मानही त्याच्याकडे आली, असं मला वाटतं.

अमेरिकेच्या जाझ बँडांनी सॅक्सोफोनवाल्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या दिल्या, हा मोठाच दिलासा. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात हॅरी कार्नी १९२७ पासून १९७४ पर्यंत होता, आणि त्याचं मुख्य वाद्य बॅरिटोन. एवढं जड वाद्य घेऊन इतकी वर्षं टिकायला खुर्चीचा आधार मोठा. उलट टोकाला लेस्टर यंग. त्याचे फोटो बघा: टेनर कडेला, जवळजवळ आडवा धरलेला. दिसायला देखणं, पण तशा धरण्यात वाद्य अंगापासून लांब जातं आणि तेच वजन हातांना नि खांद्याला दुप्पट जाणवतं. असे फोटो बघून किती तरुण पोरांनी आपले खांदे खर्ची घातले असतील!

मुंबईत १९३५ साली लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय जाझ वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. गोव्याच्या चर्चशाळांमधून नोटेशन शिकून आलेल्या वादकांनी ते संगीत उचललं. मिकी कोरियाच्या बँडने १९३९ पासून वीसेक वर्षं ताज सांभाळलं. पुढे दारूबंदी आली, क्लबांची कामं आटली आणि यातले पुष्कळ जण सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळले. कोलकात्याहून आलेल्या मनोहारी सिंगांचा आल्टो तर आपण सगळ्यांनी ऐकलाय, ‘काश्मीर की कली’त, ‘आरजू’त. स्टुडिओतल्या कामाचे कष्ट निराळे असत, पण दोन टेकच्या मध्ये गळ्यातला पट्टा काढून वाद्य स्टँडवर ठेवता येत होतं. याची किंमत बँडवाल्याला कळते.

बँडवाल्याला ते मिळत नाही. परण्या निघाला की देवळापर्यंत, वरात निघाली की घरापर्यंत वाद्य गळ्यातच. लोकांना वाटतं चालण्याने आम्ही दमतो. चालताना अंग हलतं, वजन या पायावरून त्या पायावर जातं, पाठ मोकळी राहते. जीव जातो तो थांबण्यात. गणपतीच्या विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर मंडईपासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत मिरवणूक मुंगीच्या पावलांनी सरकते, चौकाचौकात खोळंबते. त्या खोळंब्यात गाणं चालू ठेवावं लागतं. उन्हात जाड कापडाचा कोट, त्याची जरीची ताठ कॉलर, कॉलरवर पट्टा. पट्टा आखूड केला तर कॉलर गळ्यात रुतते, म्हणून पोरं तो सैल सोडतात. सैल सोडला की माउथपीस छातीशी उतरतं आणि ते गाठायला मान पुढे आणि खाली जाते. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर कण्याला जड नाही. पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंवर त्याचा भार कितीतरी पटींनी वाढतो. वाद्याचं वजन त्याच्यावर आणखी. म्हणजे मान मोडते ती सॅक्सोफोनने कमी आणि स्वतःच्याच डोक्याने जास्त. हे मला कोणा डॉक्टरने नाही, आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं, त्यांच्या भाषेत. "तोंड घेऊन त्याच्याकडे जाऊ नकोस रे, त्याला वर बोलव."

त्यांची रीत अशी. आधी वाद्याशिवाय सरळ उभं करायचे, समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लावायचे. मग वाद्य गळ्यात. नजर पाटीवरच. आता पट्ट्याची सरकती कडी एकेक बोट वर ओढायची, माउथपीस आपण होऊन ओठांना लागेपर्यंत. लागलं की थांबायचं. त्यानंतर उजव्या अंगठ्याकडे बघायचं: अंगठ्याने वाद्य फक्त पुढे सारायचं, उचलायचं काम पट्ट्याचं. अंगठ्याच्या बुडाशी कळ येत असेल तर पट्टा अजून सैल आहे. नव्या वाद्यांना अंगठ्याचा हूक स्क्रूने वरखाली करता येतो, जुन्यांना तो पक्का जडवलेला असे. आणि ढोलताशाची पाळी आली की मास्तर डोळ्यांनी खुणावायचे. आम्ही दोन्ही हातांनी वाद्य किंचित उचलून मानेला सुट्टी द्यायचो, तेवढी दोन-तीन मिनिटं.

मांडी घालून सॅक्सोफोन वाजवणारा थोर माणूस आपल्याच देशातला. कद्री गोपालनाथ, १९४९ चा जन्म, दक्षिण कन्नड जिल्ह्यातला, नागस्वरम वाजवणाऱ्याचा मुलगा. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी लहानपणी हे वाद्य पाहिलं आणि मग आयुष्य त्यावर कर्नाटक संगीत बसवण्यात घातलं. १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवलं, २००४ साली पद्मश्री मिळाली. लोक त्यांच्या गमकांबद्दल बोलतात, बोलायलाच हवं. मला त्यांची बैठकही तितकीच मोठी वाटते. पलटणीसाठी घडवलेलं वाद्य त्यांनी मैफलीच्या सतरंजीवर आणलं. कणा ताठ, चेहरा समोर, दोन रचनांच्या मध्ये हात मोकळे. आमच्याकडे मात्र सतरंजी नाही, रस्ता आहे.

रस्त्यासाठी आता दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा मिळतो. वजन मानेच्या एका मणक्यावरून खांद्यांवर जातं. काहींत खांद्यांवर टेकणारे धातूचे हात असतात आणि पोटावर टेकू. लाइटच्या छत्र्या आणि डीजेच्या गाडीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे, तरी बँडमालक तो करत नाहीत, वादकाने स्वतःच्या मजुरीतून करावा अशी पद्धत पडली आहे. ती पद्धत चुकीची आहे. मेकॅनिकला पाना मालक देतो, तसा हा पट्टाही मालकानेच द्यायला हवा.

आमच्या जुन्या बँडमध्ये सध्या आल्टोवर असलेल्या मुलाने तो स्वतः घेतला. कोटावरून घातला तर मालकाला गणवेश बिघडलेला दिसतो, म्हणून तो आतून घालतो. टेलरकडून त्याने तिसऱ्या नि चौथ्या बटणाच्या मध्ये काजासारखी एक चीर पाडून घेतली आहे, आणि त्यातून हूक बाहेर येतो. यंदाच्या मिरवणुकीत मी रस्त्याकडेला उभा राहून त्याची मान बघत होतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या लांबच लांब खोळंब्यातही ती सरळ होती. मागून दोन क्लॅरनेटवाल्यांनी त्याला टेलरचा पत्ता विचारला.