स्मृतीचे थर

कागद खरा की बनावट, हे पारखण्याची विद्या कामगार चळवळीला नवी नाही. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलखात विडी वळणाऱ्या बाईचे काम एकाच ठिकाणी लिहिले जात नसे. तिच्या कार्डावर एक आकडा, ठेकेदाराच्या वहीत दुसरा, कारखान्याच्या दप्तरात तिसरा. तंटा उभा राहिला म्हणजे पहिला प्रश्न आकड्याचा नसे. एका वहीतून दुसरीत तो कोणी व कोणत्या रीतीने नेला, हा असे. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो संगणकाच्या स्मृतीचा आहे. पण प्रश्न तोच आहे. युनियनच्या माणसाने ह्या उद्योगात का पडावे, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

संगणकाला दोन तऱ्हेच्या स्मृती असतात. डिस्कवर लिहिलेले वीज गेली तरी राहते. दुसरी जी रॅम, ती यंत्र चालू असेतोवरच जिवंत. पूर्वीचे तपासनीस यंत्र बंद करीत, डिस्कची नक्कल घेत आणि ती चाळीत बसत. परंतु डिस्कवर दडून बसणाऱ्या प्रोग्रामलाही चालावयाचे तर रॅममध्ये यावेच लागते. कुलूपबंद मजकूरही तेथे उघडा होतो. २००५ साली डीएफआरडब्ल्यूएस ह्या संशोधक-परिषदेने रॅमची नक्कल सर्वांपुढे टाकून ‘हिच्यावरून काय घडले ते सांगा’ असे आव्हान दिले, आणि ह्या शास्त्राला खरी चालना मिळाली.

अडचण अशी की रॅमची नक्कल म्हणजे नुसता ढीग. ह्याचे मूळ १९६२ सालात आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲटलस नावाचे यंत्र उभारले. त्यात प्रोग्रामला आपल्याजवळ एक सलग, ऐसपैस स्मृती आहे असा भास होई. प्रत्यक्षात तिची ‘पाने’ जागा मिळेल तेथे ठेवलेली, काही वेगवान स्मृतीत, काही फिरत्या चुंबकी ढोलावर. १९८५ च्या इंटेल ८०३८६ ने ही युक्ती टेबलावरच्या संगणकात आणली. त्यात एक पान ४,०९६ बाइटांचे आणि पत्ता ३२ अंकांचा. पहिले १० अंक एका कोष्टकाच्या १,०२४ ओळींपैकी एक ओळ दाखवितात. त्या ओळीत दुसऱ्या कोष्टकाचा ठिकाणा असतो. पुढचे १० अंक त्या दुसऱ्या कोष्टकातील ओळ दाखवितात, तेथे पानाची खरी जागा सापडते. उरलेले १२ अंक पानातला नेमका बाइट सांगतात. तलाठ्याच्या दप्तरात रुमालावरून बस्ता, बस्त्यावरून कागद काढावा तसेच हे. कोष्टके उलगडली नाहीत तर एका पानाबाहेर गेलेला मजकूर सलग वाचता येत नाही.

आरंभीची साधने एकेका प्रकारच्या नकलेसाठी, विंडोजच्या एकेका आवृत्तीसाठी लिहिलेली असत. आवृत्ती बदलली की साधन निकामी. २००६ साली निक पेट्रोनी, आरन वॉल्टर्स प्रभृतींनी फॅटकिट नावाची रचना मांडली आणि २००७ साली त्या वळणावरच व्होलॅटिलिटी हे साधन सर्वांस खुले झाले. त्यातला विचार साधा, पण मोलाचा. सर्वांत खाली फाइल. तिच्यावर त्या फाइलीचा विशिष्ट साचा समजणारा थर. त्यावर कोष्टके उलगडून पत्ते लावणारा थर. आणि वर, ‘कोणते प्रोग्राम चालू होते?’ असे विचारणारा तपासनीस. वरच्याने खालच्याची अंतर्गत भानगड जाणण्याचे कारण नाही. संगणक हायबरनेट केला की रॅममधला मजकूर दाबून, लहान करून डिस्कवर ठेवला जातो. त्या हायबरनेशन फाइलीसाठी मधे एक उलगडणारा थर घातला की वरचे सर्व काम जसेच्या तसे चालते. २०१९ साली जाहीर झालेल्या व्होलॅटिलिटी ३ मध्ये तर ह्या भागांना ‘लेयर’, म्हणजे थर, हेच नाव दिले आहे.

ह्यातील एक बारकावा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मागितलेले पान नकलेत नसेल तर थराने काय करावे? व्होलॅटिलिटी ३ चा थर आपणहोऊन काम थांबवितो आणि हा पत्ता वाचता येत नाही असे स्पष्ट कळवितो. मुद्दाम सांगितले तरच ती जागा शून्यांनी भरून देतो. विडीच्या वहीत कोरी जागा आणि शून्य ह्यांत काय अंतर आहे, हे आमच्या बायांना विचारावे! शून्य म्हणजे काम केले नाही. कोरे म्हणजे नोंद झाली नाही.

आता युनियनचा संबंध. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी एल्गार परिषदेच्या प्रकरणात दिल्लीस रोना विल्सन आणि नागपुरास वकील सुरेंद्र गडलिंग ह्यांच्या घरांची झडती घेऊन संगणक जप्त केले. पुढे त्याच प्रकरणात सुधा भारद्वाज ह्यांना अटक झाली. गोंदियाहून पूर्वेस जाणारी गाडी ज्या दुर्ग-भिलाईला पोहोचते, तेथल्या कामगारांत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. फिर्यादीचा मोठा भार संगणकांतून मिळालेल्या पत्रांवर होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग ह्या संस्थेने बचाव पक्षाच्या विनंतीवरून केलेल्या विल्सन ह्यांच्या संगणकाच्या नकलेच्या तपासणीचा अहवाल दिला. तिचा निष्कर्ष असा, की १३ जून २०१६ पासून नेटवायर ह्या हेरप्रोग्रामद्वारे कोणी बावीस महिने त्या यंत्राचा ताबा ठेवला आणि निदान दहा पत्रे त्यात घुसडली. ती वर्डच्या ज्या आवृत्तीत केली होती ती त्या यंत्रावर नव्हतीच. राष्ट्रीय तपास संस्थेने हे मानले नाही. सरकारी तपासणीत असा हेरप्रोग्राम आढळला नव्हता आणि खाजगी अहवाल आरोपपत्राचा भाग नव्हे, असे तिचे म्हणणे. पुढे गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी ह्यांच्या संगणकांविषयीही आर्सेनलचे अहवाल आले. स्वामींचा आला तो २०२२ च्या डिसेंबरात. स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कच्चे कैदी म्हणूनच वारले होते.

ह्या वादात आम्ही न्यायाधीश होत नाही. पण एकाच नकलेची दोन वाचने निघाली, तर दोघांनीही आपापल्या पायऱ्या उघड केल्या पाहिजेत. हीच नक्कल हाती असलेला कोणीही जाणकार आमचे निष्कर्ष पुन्हा काढून पाहू शकेल, असे आर्सेनलने लिहून ठेवले आहे. दाव्याला दावा म्हणून किंमत येते ती एवढ्यानेच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश नोंदवावी लागते. हॅश म्हणजे साऱ्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एक बिंदू बदलला तरी ती पालटते. परंतु ही खूण सर्वांत खालच्या थराची आहे. ढीग तेव्हापासून हललेला नाही, इतकेच ती सांगते. जप्तीपूर्वी त्यात कोणी काय ठेवले, किंवा वरच्या थरांनी तो नीट वाचला की नाही, हे सांगत नाही. रॅमच्या बाबतीत तर ती पुन्हा ताडून पाहण्याचीही सोय नसते. चालू यंत्राची स्मृती क्षणोक्षणी बदलते, नक्कल घेणारा प्रोग्रामही तिच्यातच चालतो आणि लागोपाठ घेतलेल्या दोन नकला जुळत नाहीत. तेव्हा पंचांपुढे घेतलेली पहिली नक्कल हीच एकमेव, आणि तिची हॅश त्याच वेळी पंचनाम्यात उतरवून प्रत मागण्याचे काम संगणक ज्याच्या कचेरीतून उचलला त्याच्याकडे येते.