सालवड : शेतांची नावं लिहून ठेवूया

आज बोईसरजवळच्या आपल्या सालवडविषयी बोलूया.

या भागाचा इतिहास म्हटला की तारापूरचा किल्ला आठवतो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला. मे महिन्यात वसई पडली. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरला पाच जण हुतात्मे झाले. हे आम्ही शाळेत शिकलो.

पुढचं मात्र घरातल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. एमआयडीसी आली, भातखाचरांचे प्लॉट झाले. अणुवीज केंद्राच्या पुढच्या भट्ट्यांसाठी तर अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच उठली.

यात बायका कुठे होत्या? लावणीच्या चिखलात, विहिरीवर, नंतर कंपनीच्या गेटवर. सातबाऱ्यावर त्यांची नावं क्वचितच. तिथं शेताचाही बहुतेकदा नुसता नंबर असतो. घरात त्याला काय म्हणायचे, ते आजीलाच ठाऊक.

म्हणून आम्ही विचारायला लागलो. एका आजींनी बोटांवर सात शेतं मोजली. सहांवर आज भिंती आहेत. पण पावसाचं पाणी कुठल्या बांधावरून खाली उतरायचं, ते त्यांनी अचूक सांगितलं. दर पावसाळ्यात नेमकं तिथंच तुंबतं!

तुम्हीही आज विचारा. शेताचं नाव, विहिरीची जागा, पाण्याची वाट, सगळं वहीत लिहा. आजी आहे तोवरच हे मिळेल.