दवंडी कुणी द्यायची, दोर कुणी धरायचा?

आमच्या परभणी जिल्ह्यात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. ती गंगा. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांना लागून ती वाहते, आणि पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की काठच्या गावांची झोप उडते. सप्टेंबर २०२५ मध्ये साऱ्या मराठवाड्याने पुराचे हे दुःख पुन्हा भोगले. बाहेरची मदत येईपर्यंत शेजाऱ्याला शेजारीच वाचवतो. म्हणून गावातलीच माणसे शिकवून तयार करावीत, हा विचार योग्यच आहे.

अशा एका शिबिरात मी बसलो होतो. दोराच्या गाठी, बुडालेल्याच्या छातीवर द्यायचा दाब, बांबू आणि चादरीची झोळी. दोन दिवस सारे एका रांगेत होते. तिसऱ्या दिवशी कामाची वाटणी झाली. बोटीवर कोण, दोरावर कोण, निरोप कोण देणार, हे ठरले. शेवटी प्रेते आणि मेलेली जनावरे उचलण्याचा विषय निघाला, आणि कुणालाही न विचारता वहीत आमच्या वस्तीतली नावे उतरली. कुणी शिवी दिली नाही, कुणी जात काढली नाही. लिहिणाऱ्याचा हात आपोआप चालला.

त्या हाताचा इतिहास मला सांगायचा आहे.

माझे आजोबा येसकर. रात्री गंगा चढू लागली की ओरडत गाव जागे करण्याचे काम त्यांचे. सांगावा पोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, बेवारस प्रेत पुरायचे, हेही त्यांचेच. महारवाडा मात्र नदीच्या अंगाला, सखल जागी. म्हणजे पाणी ज्याच्या चुलीत आधी शिरे, त्यानेच आपली लेकरे सोडून गावाला हाका मारायच्या. गाव उंचावरच्या देवळात चढले की त्याने मात्र पायरीखाली भिजत उभे राहायचे. याला सेवा म्हणायचे काय? स्वयंसेवक तो, ज्याला नाही म्हणता येते. आजोबांना तो अधिकार नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या सक्तीविरुद्धच. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. मुंबईचा कायदा आम्हांला लागू नव्हता, पण गळ्यातले दावे एकच होते.

आपल्या माणसांनी स्वेच्छेने शिस्त शिकण्याचा इतिहासही त्याच काळातला आहे. महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद करून तेव्हा तीसेक वर्षे झाली होती, पण जुने पेन्शनर शिपाई गावोगाव होते. त्यांची कवायत नव्या पोरांच्या कामी आली. १९४२च्या जुलैत नागपूरला दलाची परिषद भरली. दल पुरासाठी निघाले नव्हते, हे खरे. पण कुणाच्या हुकमावाचून, वतनावाचून, आपल्या माणसांच्या रक्षणासाठी रांगेत उभे राहणे हे आम्ही तिथे शिकलो. आजही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरची अफाट गर्दी सांभाळताना दलाचे सैनिक दिसतात. येसकर आणि सैनिक, दोघेही रात्रभर जागतात. फरक एवढाच की एकाला जागवले जाते आणि दुसरा स्वतः जागतो.

शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद यांनी माणसे चिरडली, तर कुडाच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी वाचल्या. पुढे घरदुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. भूकंपात घर कसे टिकते हे त्या शेजाऱ्यांना समजावून सांगत. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा इकडच्या बायका तिकडे धीर द्यायला गेल्या. अडाणी समजलेली बाई शिकली की दुसऱ्या गावाची शिक्षिका होते, हे त्यांनी दाखवले. पण त्याच पुनर्वसनात घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला साडेसातशे. भूकंपाने साऱ्यांना एकाच रात्री उघड्यावर आणले होते. जुनी उतरंड पुन्हा रचली ती माणसांनी.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावरची प्रेते काढायला दुसऱ्या शहरांतले सफाई कामगार आणले गेले. त्यांत बहुसंख्य दलित होते. अनेकांनी हे काम उघड्या हातांनी केले. परभणीच्या शिबिरातली वही आणि तो किनारा यांत अंतर किती?

२००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २०१६ पासून ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि साहित्याचा संच मिळू लागला. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख आपदा मित्र तयार करण्याचे ठरले. हे स्वागतार्ह आहे. पण कायद्यातली व्याख्या नीट वाचा. तीत निसर्गाने आणलेल्या संकटाबरोबर माणसाने आणलेले संकटही आहे. २७ जुलै १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि परभणी-नांदेडसह मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. त्या रात्री पाण्याची घागर घेऊन किती शेजारी धावले? पुरात दोर टाकणारा हात जाळपोळीत मागे राहत असेल, तर त्याला नुसत्या गाठी शिकवून काय उपयोग?

शिबिरात मी उभा राहिलो. म्हणालो, प्रेत उचलायला आमची ना नाही. मेलेल्या माणसाची अप्रतिष्ठा आम्हांला बघवत नाही. पण यादी अकारविल्हे करा, पाळी सर्वांना लावा, हातमोजे सर्वांना द्या, आणि आमच्या पोरांच्या हाती बोटीचे वल्हे व दोरही द्या. पूर आल्यावर लोकांना जिथे नेणार, त्या जागेचे दार आणि पाण्याचा पिंप सर्वांना खुला राहील, हेही त्याच वहीत लिहा.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग वही नव्याने लिहिली गेली. दोघेजण दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. बाकीचे आले. झोळी उचलण्याचा सराव त्या दिवशी पाळीप्रमाणे झाला.