लंडनहून फ्लॉरेन्सला: १८७० मधील एक वाट

अमळनेरच्या मनुष्यास मुंबईस जावयाचें असलें म्हणजे घरांत एक लहानशी परिषद भरते. एक पक्ष म्हणतो, नंदुरबारवरून सुरतेस जावें व तेथून दक्षिणेकडे वळावें. दुसरा म्हणतो, जळगांवास जाऊन चाळीसगांव, मनमाड, नाशिक करीत थळ घाट उतरावा. गाडी कोठें बदलावी लागेल, बरोबर म्हातारें माणूस आहे कीं लेंकुरवाळी बाई आहे, या सर्वांचा खल होऊन अखेर एक वाट पक्की होते. या वादांत एक गोष्ट मात्र आपण न बोलतां गृहीत धरलेली असते, ती ही कीं, दोन्ही वाटा खुल्या आहेत. इतिहासांतील प्रवाशाला एवढें भाग्य नेहमीं लाभत नाहीं.

सन १८७० च्या मे महिन्यांत कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज विलायतेच्या प्रवासास निघाले. वय अवघें वीस वर्षांचें. कोल्हापुरास आगगाडी येण्यास अजून वीस वर्षांवर अवकाश होता. असें असतां समुद्र ओलांडून जाण्याची, नवें जग डोळ्यांनीं पाहण्याची उमेद या तरुण राजानें धरली, हें लहान धैर्य नव्हे. प्रवासांत ते इंग्रजींत रोजनिशी लिहीत. बरोबर असलेले कॅप्टन वेस्ट यांनीं ती पुढें १८७२ सालीं लंडनमध्यें छापून प्रसिद्ध केली.

परतीची वेळ आली ती नोव्हेंबरांत. लंडनहून इटलीस येण्यास त्या काळीं मुख्यतः दोन खुष्कीच्या वाटा होत्या. पहिली सरळ: खाडी ओलांडून कॅले, तेथून पॅरिस, आणि पुढें माँ सेनी घाटावरून इटलींत. या घाटावर १८६८ पासून एक चमत्कारिक लहान आगगाडी चालत असे. रुळांच्या मधोमध तिसरा रूळ टाकलेला, आणि त्याला आडवीं चाकें घट्ट धरीत, म्हणून ती चढ चढे. घाटाखालील प्रसिद्ध बोगदा अजून खोदला जात होता. तो १८७१ च्या सप्टेंबरांत खुला झाला. दुसरी वाट वळणाची: बेल्जियम, जर्मनी, इन्सब्रुक, आणि मग १८६७ सालीं झालेल्या ब्रेनर रेल्वेनें आल्प्स ओलांडून व्हेरोनास उतरावयाचें.

नकाशा पुढें ठेवून विचारलें तर कोणीहि पॅरिसची वाट दाखवील. परंतु १८७० च्या नोव्हेंबरांत नकाशाला विचारून भागणारें नव्हतें. जुलैंत फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें आणि १९ सप्टेंबरला जर्मन सैन्यानें पॅरिसला वेढा दिला. आगगाड्या बंद झाल्या. गांबेत्तासारख्या मंत्र्यास शहराबाहेर पडण्यासाठीं फुग्यांत बसावें लागलें. हिंदुस्थानच्या टपालाचीहि तीच गत झाली. तें मार्सेय बंदर सोडून इटलीच्या टोकाच्या ब्रिंदिसीकडे वळलें. त्याच वर्षीं मार्चमध्यें मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूर येथें जोडला गेला होता. तेव्हां भुसावळवरून कलकत्त्याकडे धांवणाऱ्या विलायती टपालाची वाट पॅरिसभोंवतालच्या तोफांनीं बदलली होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

महाराज बेल्जियम, जर्मनी व टायरॉल या मार्गें निघाले. वाटेंत प्रकृति बिघडली. फ्लॉरेन्सला आल्यावर दुखणें विकोपास गेलें, आणि ३० नोव्हेंबर रोजीं त्यांचा अंत झाला. आल्प्सच्या थंडीनें त्यांना मारलें, पॅरिसची वाट खुली असती तर ते वांचले असते, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पॅरिसच्या वाटेवरहि आल्प्स होतेच. युद्धानें त्यांचा प्राण घेतला असें सिद्ध होत नाहीं. युद्धानें त्यांची निवड घेतली, एवढेंच निश्चित.

फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीची राजधानी होती. त्यामुळें ब्रिटिश वकील तेथेंच होता व सरकार दाराशीं होतें. शवदहन तर त्या नगराला सर्वस्वीं अपरिचित. मिलान शहरीं आधुनिक पद्धतीचें पहिलें दहन झालें तेंहि १८७६ सालीं. तरी परवानगी मिळाली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चीने उपवनाच्या टोंकाशीं, रात्रीच्या अंधारांत महाराजांना अग्नि देण्यांत आला. घरापासून हजारों कोस दूर, पण संगम मात्र मिळाला!

त्या जागीं १८७४ सालीं छत्री उभी राहिली; आंतील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आहे. पुढें १९७८ सालीं जवळच मोठा पूल झाला, त्यालाहि लोक हिंदी माणसाचा पूल म्हणूनच ओळखतात. ज्या वाटेनें जाण्याचें मनांत नव्हतें, तिच्या कांठीं एका मराठी राजाची खूण अशी कायमची राहिली.

जुनीं प्रवासवर्णनें वाचतांना आपण प्रवासी कोठून कोठें गेला एवढेंच पाहतों. त्या दिवशीं कोणती वाट बंद होती, हेंहि विचारावें. माणसाच्या इच्छेची मर्यादा आणि काळाचा हात, दोन्ही त्या एका प्रश्नांत दिसतात. आपल्या घरच्या परिषदेंत सुरत कीं जळगांव असा वाद रंगतो, तेव्हां वाद घालावयास दोन वाटा शिल्लक आहेत हेंच मोठें सुख, याची आठवण असावी.