बाळाच्या मुठीतला घास : इब्ने सीना ते क्लारा डेव्हिस

इब्ने सीनाचं नाव काढलं की आपल्याकडे दोनच गोष्टी सांगितल्या जातात. एक, तो मोठा फिलॉसॉफर होता आणि दुसरी, त्याचा ‘अल-कानून फित्-तिब’ हा ग्रंथ युरोपच्या विद्यापीठांत अनेक शतकं शिकवला जात होता. त्या ग्रंथात काय आहे हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अभिमान बाळगायला नाव पुरतं, वाचायला वेळ लागतो. म्हणून आज त्यातली एकच छोटी गोष्ट घेऊ. ती आहे तान्ह्या बाळाच्या खाण्याबद्दल.

‘कानून’च्या पहिल्या खंडात मुलांच्या संगोपनाचा एक भाग आहे. इब्ने सीना म्हणतो की, बाळाला दोन वर्षं अंगावर पाजावं. पुढचे दात दिसू लागले की हळूहळू दुधापेक्षा जड अन्नाकडे न्यावं, पण चावायला कठीण असं काही देऊ नये. सुरुवात दाईने चावून मऊ केलेल्या रोटीची. मग पाण्यात आणि मधात किंवा दुधात कालवलेली रोटी. बाळ चावे घेऊ लागलं की अजून पुरती न वाळलेली एक औषधी मुळी त्याला चावायला द्यावी. दूध एकदम तोडू नये, पायरीपायरीने तोडावं. आणि बाळाचं मन रमावं म्हणून रोटी आणि साखर यांच्या ‘बलालीत’ करून त्याला द्याव्यात. बलूत म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, साधारण सुपारीएवढं, लांबट. बलालीत हे त्याचं अनेकवचन. थोडक्यात, बाळाच्या मुठीत मावतील अशा लांबट वड्या.

हा ग्रंथ सुमारे १०२५ साली पूर्ण झाला. आज शहरांतल्या तरुण आया मोबाईलवर ज्याला ‘फिंगर फूड’ म्हणून शोधतात, ते हजार वर्षांपूर्वीच्या एका हकिमाच्या पानावर लिहिलेलं आहे.

पण इथे थांबून जरा सावध राहायला हवं. ‘बघा, हे आमच्याकडे आधीच होतं’ ही उडी आपल्या समाजात फार पटकन मारली जाते, आणि ती फक्त आपणच मारतो असंही नाही. इब्ने सीनाच्या वड्या बाळाला स्वावलंबी करण्यासाठी नव्हत्या. छातीकडे झेपावणाऱ्या मुलाचं लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी होत्या. तरीही मूल ऐकलं नाही, तर स्तनाला बोळ आणि पुदिन्यासारखी एक वनस्पती यांचा कडू लेप लावावा, असंही तोच सांगतो. हा उपाय आपल्या आज्यांनी कडुनिंब लावून केलेला आहे. शिवाय त्याचं बरंचसं ज्ञान ग्रीकांकडून आलेलं होतं. रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनस या वैद्याने इब्ने सीनाच्या जवळपास ९०० वर्षं आधी लिहून ठेवलं होतं की सहा महिन्यांच्या आत बाळाला अन्न देऊ नये, नंतर मधपाण्यात, दुधात किंवा गोड मद्यात भिजवलेला रोटीचा चुरा द्यावा. चाळीस दिवसांतच पेज भरवणाऱ्या बायकांवर तो चिडलेलाही दिसतो. म्हणजे घाई करणारे तेव्हाही होते.

आपल्या मातीतही हा विचार होता. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलकं अन्न द्यायला सांगितलं आहे. मराठी घरांत त्यालाच उष्टावण म्हणतात. मुस्लिम घरांत कुठे कुठे खीर चटवण्याची रीत आहे. चमचा चांदीचा, खीर तांदळाची, माणसं तीच, कौतुकही तेच.

इस्लामी परंपरेत या विषयाला आणखी एक पदर आहे, तो मला हकिमांच्या नुस्ख्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कुरआनच्या सूरह बकरामध्ये दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख येतो, आणि लगेच पुढे म्हटलं आहे की आईबापांनी परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने त्याआधी दूध तोडायचं ठरवलं तर त्यात गुन्हा नाही. संमती आणि सल्ला, हे दोन्ही शब्द तिथे आहेत. दूध तोडणं ही एकट्या बापाची आज्ञा नाही आणि सासूची तर नाहीच नाही. हे आपल्या किती घरांत पाळलं जातं, ते ज्याने त्याने आठवावं.

दुसरी गोष्ट दस्तरख्वानावरची. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या घरात वाढलेले उमर बिन अबी सलमा (रजि.) स्वतः सांगतात की लहानपणी त्यांचा हात थाळीभर फिरायचा. तेव्हा पैगंबरांनी त्यांना अल्लाहचं नाव घ्यायला, उजव्या हाताने आणि आपल्या समोरचं खायला सांगितलं. हे मूल तान्हं नव्हतं, चांगलं समजतं होतं. पण प्रसंग नीट पाहा. मोठ्यांच्याच थाळीत मुलाचा हात आहे, तो सगळीकडे फिरतो आहे, आणि कुणी त्याचा हात धरून ‘थांब, मी भरवतो’ म्हणत नाही. हाताला वळण लावलं जातं, हात काढून घेतला जात नाही. पुढे इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये मुलांच्या तरबियतीवर लिहिलं, त्यातही सुरुवात जेवणापासूनच आहे. घाई करू नये, नीट चावून खावं, हात-कपडे बरबटू नयेत. यातलं शेवटचं कलम आजच्या आयांना फार आवडेल.

मग बाळाच्या हातातून घास गेला कधी? त्याचं उत्तर बरंचसं कारखान्यात आहे. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले यांनी दूध आणि पिठापासून बनवलेला बालआहार बाजारात आणला. १९२८ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्रेमाँट गावी गर्बर कंपनीने गाळलेल्या भाज्यांचे डबे विकायला सुरुवात केली. त्याआधी तिथे वर्षाच्या आत बाळाला भाजीपाला क्वचितच दिला जायचा. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हे वय घसरत घसरत काही आठवड्यांवर आलं. १९५०च्या दशकात वॉल्टर सॅकेट नावाचे एक अमेरिकन डॉक्टर जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच धान्याची पेज सुरू करायला सांगत होते. इतक्या लहान बाळाला मान धरता येत नाही, मग हातात घास कुठून धरणार? त्यामुळे सगळं पातळ, गाळलेलं आणि चमच्याने आत सारायचं. चमचा ही बाळाची गरज नव्हती, घाईची होती.

त्याच काळात एका बाईने उलट दिशेने जाऊन पाहिलं. डॉ. क्लारा डेव्हिस. १९२६ मध्ये क्लीव्हलंडच्या माउंट सायनाय रुग्णालयात त्यांनी नुकतंच दूध सुटणाऱ्या तीन बाळांवर प्रयोग सुरू केला आणि १९२८ मध्ये त्याचा अहवाल छापला. पुढे शिकागोत तो वाढला. एकूण १५ मुलं झाली. दूध सोडून दुसरं काहीच न चाखलेल्या या बाळांपुढे वेगवेगळ्या वाट्या मांडल्या जायच्या. एकंदर यादी ३४ पदार्थांची होती. परिचारिका शेजारी चमचा घेऊन बसायची, पण तिला बोलायची, सुचवायची, चेहऱ्यावर काही दाखवायचीही मुभा नव्हती. बाळाने एखाद्या वाटीकडे हात नेला तरच ती चमचा भरायची आणि त्याने तोंड उघडलं तरच भरवायची. बाळाने बोटांनी खाल्लं तरी हरकत नव्हती.

पहिल्या दिवसांत मुलांनी वाट्यांच्या कडा चावल्या, चमचे चावले, कागद चावला. काही घास आश्चर्याने थुंकले. मग आवडीनिवडी ठरल्या, त्याही प्रत्येकाच्या वेगळ्या. एखाद्याचा नाश्ता सुमारे अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि कलेजी असा व्हायचा. एक बाळ मुडदूस घेऊन आलं होतं. त्याच्यापुढे माशाच्या तेलाचा प्याला ठेवला जायचा. आजार बरा होईपर्यंत ते बाळ मनाला येईल तेव्हा तेल पीत राहिलं आणि नंतर त्याकडे फिरकलं नाही. सगळी मुलं धडधाकट झाली. (ही बाळं आली कुठून, हेही सांगायला हवं. ती होती निराधार विधवांची आणि वयात येता येताच आई झालेल्या मुलींची. वर्षानुवर्षं प्रयोगात ठेवायला गरिबांचीच मुलं मिळतात, हा विज्ञानाचा जुना हिशोब आहे.)

डेव्हिसबाईंचं काम लोकांनी अर्धवट उचललं. ‘मुलाला सगळं कळतं, त्याला हवं ते खाऊ द्या’ एवढंच लक्षात ठेवलं. त्यांनी स्वतः मात्र १९३९ च्या लेखात साफ लिहिलं की यातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. ओट, गहू, बटाटा, गाजर, पालक, केळं, सफरचंद, दूध, मासे, कोंबडी, आणि कलेजी, गुर्दा, भेजा, हाडातली नळी. शेवटची चार नावं वाचताना मला थेट मोहल्ल्यातलं खाटकाचं दुकान दिसतं. वाईट निवडायला जागाच नसेल तर बाळ चुकीचं काय निवडणार? कारखान्यातले पदार्थ घेऊन हाच प्रयोग करायचा त्यांचा बेत होता, पण महामंदीत पैसा आटला आणि तो राहून गेला.

नंतर वारं पुन्हा फिरलं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने फक्त आईचं दूध, असा सल्ला दिला. सहा महिन्यांचं बाळ आधाराने बसतं, वस्तू पकडतं, तोंडात घालतं. मग गाळून पातळ करण्याची पायरी हवीच कशाला, हा प्रश्न ब्रिटनमधल्या आरोग्यसेविका गिल रॅपली यांनी विचारला आणि २००८ मध्ये ‘बेबी-लेड वीनिंग’ या नावाने पुस्तक आलं. घास घशात अडकेल ही सगळ्यांचीच भीती. न्यूझीलंडमध्ये २०६ बाळांवर झालेल्या अभ्यासात, पालकांना कोणते पदार्थ टाळायचे ते नीट शिकवल्यावर, हाताने खाणाऱ्या बाळांत घास अडकण्याचं प्रमाण चमच्याने खाणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं नाही. ‘नीट शिकवल्यावर’ हे शब्द विसरू नका. आपल्या घरात चारी दिशांना पसरलेले शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. मऊ उकडलेलं रताळं, पिकलेलं केळं, बोटाने दाबलं तर चुरगळेल असं काहीही चालतं. मूल बसलेलं हवं आणि समोर माणूस हवा. आणखी एक, जुन्या हकिमांचा आणि वैद्यांचा मध वर्षाच्या आत देऊ नये. त्यातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळांना होणारा बॉट्युलिझम १९७६ मध्ये ओळखला गेला. इब्ने सीनाला तो माहीत असायचं कारण नव्हतं, आपल्याला आहे.

आता आपल्याकडे बघू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात ६ ते २३ महिन्यांच्या शंभरातल्या जेमतेम ११ बाळांना पुरेसा आहार मिळतो आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६७ मुलांना रक्तक्षय आहे. म्हणजे चमचा की हात हा वाद ज्या घरात रंगतो, तिथे निदान ताट भरलेलं असतं. डाळीचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्किट एवढंच ताटात असेल तर बाळाच्या हाताला निवडायला काय उरतं? बिस्किटही हातातच धरता येतं. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचं मांस बंद झालं, तेव्हा चर्चा धर्माची झाली. गरीब घरातल्या, फक्त मुस्लिम नव्हे, वर्षाच्या बाळाच्या ताटातून लोहाचा एक स्वस्त घास गेला, याची चर्चा फार थोड्यांनी केली.

तरीही ज्या घरात अंडं आहे, मासळी आहे, डाळ घट्ट आहे, आठवड्यातून एकदा कलेजी येते, तिथे ती बाळापर्यंत का पोहोचत नाही? ‘दात कुठे आलेत’, ‘पचणार नाही’, ‘वर्ष होऊ दे’. मग ते अन्न मिक्सरमधून पातळ होतं, मोबाईलवर कार्टून लागतं आणि बाळाचे दोन्ही हात दादीअम्मा पदराखाली धरून ठेवते, सांडू नये म्हणून.