झिजलेले इंजिन (जुन्या मोटारींतील)

दीर्घकाळ चाललेल्या, अथवा दीर्घकाळ न चालता पडून राहिलेल्या मोटारीत सिलिंडर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आणि क्रँकशाफ्टची बेअरिंगे यांच्या एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांची जी क्रमशः हानी होते, आणि तिच्यापोटी शक्ती घटणे, तेल जळणे, ठोक ऐकू येणे इत्यादी विकार उद्भवतात, त्या अवस्थेस झिजलेले इंजिन असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत या अवस्थेचे निदान व दुरुस्ती यांचा विचार महाराष्ट्रात परिचित असलेल्या जुन्या मोटारींच्या अनुरोधाने केला आहे; आणि हे काम मोठ्या शहरातील यंत्रशाळा हाताशी नसताना, धर्माबादसारख्या तालुक्याच्या गावी, कितपत करता येते याकडे विशेष लक्ष दिले आहे.

या मोटारींत अग्रस्थान फियाट ११०० हिचे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली ही गाडी पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी अशी नावे बदलत गेली. परंतु नाव बदलले तरी इंजिनाचा सांगाडा बव्हंशी तोच राहिला. १,०८९ घन सेंमी. क्षमता, चार सिलिंडर, ६८ मिमी. व्यास, ७५ मिमी. धाव, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि तीन मुख्य बेअरिंगांवर फिरणारा क्रँकशाफ्ट, हा तिचा तपशील. हिंदुस्थान मोटर्सची १,४८९ घन सेंमी.ची अँबॅसेडर (हिचे हेडही बिडाचे) आणि महिंद्रांची २,१९९ घन सेंमी.ची पेट्रोल जीप या तिच्या समकालीन होत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी हे इंजिन ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत राबवले, आणि त्यामुळेच त्याच्या झिजेविषयी मुंबईच्या मिस्त्र्यांइतके ज्ञान अन्यत्र क्वचितच साठलेले आढळेल.

धर्माबाद हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील, लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले नांदेड जिल्ह्यातील गाव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. राज्याची सीमा ओलांडली की तेलंगणातील बासर लागते. मिरचीच्या अडतीवरचा ठसका माणसाला रडवतो, इंजिनाला त्याची क्षिती नसते; इंजिनाचे खरे वैरी तीन, आणि तिन्ही या मुलखात मुबलक आहेत. पहिली काळ्या जमिनीची बारीक धूळ, जी एअर क्लीनरची निगा न राखल्यास हवेबरोबर थेट सिलिंडरात उतरून तेलाशी मिसळते आणि रिंगांवर पॉलिश कागदासारखे काम करते. दुसरी चाळीस अंशांच्या वर जाणारी उन्हाळ्याची तलखी. तिसरे कूपनलिकेचे जड पाणी, जे वर्षानुवर्षे रेडिएटरात घातले गेल्याने ब्लॉकमधील पाण्याच्या वाटा क्षारांनी बुजतात, मागील सिलिंडर अधिक तापतात आणि पिस्टनला ओरखडे पडतात. न चालणाऱ्या गाडीची कथा निराळी. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली आणि आता हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात असलेली १९१२ ची रोल्स-रॉइस फारच थोडे मैल चालली, म्हणून घर्षणाची झीज तिच्या वाट्याला आली नाही; पण ज्या गाडीला राजवाड्याची देखभाल नसते, ती नुसती गोदामात उभी राहिली तरी सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो, रिंगा खाचांत चिकटतात, आणि पहिल्याच दिवशी जोराने स्टार्टर मारणारा मालक वर्षानुवर्षांच्या झिजेइतके नुकसान क्षणात करून बसतो. अशा गाडीच्या प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल ओतून ते काही दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने फिरवावे, हा शिरस्ता मोडू नये.

निदान हे इंजिन खोलण्यापूर्वीचे काम आहे, खोलल्यानंतरचे नव्हे. ‘इंजिन बोअरला आले’ (म्हणजे सिलिंडर कापून मोठे करण्याची वेळ आली) हे वाक्य गॅरेजात फार सहज उच्चारले जाते. वास्तविक पुष्कळदा विकार हेडमध्येच असतो आणि खालचा अर्धा भाग निर्दोष असतो.

फियाट, अँबॅसेडर आणि जीप या तिन्ही गाड्यांना पुढून हँडल लावण्याची सोय आहे, आणि तेच निदानाचे सर्वांत स्वस्त साधन होय. इग्निशन बंद, गियर न्यूट्रल, आणि अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवून (मुठीत आवळलेला अंगठा उलट्या झटक्याने मोडतो) हँडल सावकाश दोन फेरे फिरवले असता चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकामागून एक हाताला जाणवते. निरोगी सिलिंडर स्प्रिंगसारखा प्रतिकार करतो; रोगी सिलिंडराच्या वेळी हँडल मुकाट्याने पुढे सरकते. त्या क्षणी कान देऊन ऐकावे: सुस्कारा कार्बुरेटरातून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरातून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा गळत आहेत असे समजावे. हेच परीक्षण अधिक काटेकोरपणे करण्यासाठी इंजिन तापवून, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन गेज लावतात. सुमारे सव्वासात पटीच्या कॉम्प्रेशनच्या या इंजिनांत गेज साधारणतः १२० पौंडांच्या आसपास यावा. तथापि आकड्यापेक्षा चार सिलिंडरांतील तफावत अधिक बोलकी असते. ज्याचा आकडा कमी त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांचा अथवा बोअरचा, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजते. चढला नाही तर व्हॉल्व्हचा. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडलेले असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळालेले असण्याचा संभव मोठा.

धुराची भाषा सर्वश्रुत आहे: निळा तेलाचा, काळा अतिरिक्त पेट्रोलचा, आणि गरम इंजिनातून सतत येणारा पांढरा पाण्याचा. तथापि निळा धूर केव्हा येतो हे पाहिल्याविना निष्कर्ष काढू नये. उतारावर पाय सोडून आल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच एक लोट निघून मग थांबत असेल तर तेल व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरते. चढावर, भार असताना, अखंड निघत असेल आणि ब्रीदरमधूनही वाफ फेकली जात असेल तर रिंगा संपल्या. आवाजाचेही तसेच. थंड इंजिनात येणारी आणि तापल्यावर विरणारी पोकळ थाप ही पिस्टनची, आणि ती काही वर्षे सहन करता येते. कनेक्टिंग रॉडची टणक ठोक मात्र तापल्यावर वाढते, आणि त्या सिलिंडराची प्लगवायर काढताच मंदावते. मुख्य बेअरिंगचा आवाज खोल, घुमणारा, आणि भार पडताच येणारा असतो. लांब पेचकसाचे टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाशी धरली की जागा बऱ्यापैकी निश्चित होते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी, ती ही की चेंबरात जाड तेल भरून धूर, ठोक आणि तेलाचा घसरलेला दाब हे तिन्ही विकार सौदा होईपर्यंत लपवता येतात. म्हणून डिपस्टिकवरचे तेल बोटांत चोळून पाहावे आणि गाडी पूर्ण तापल्यावरच किंमत ठरवावी.

हेड उतरल्यावर सिलिंडरच्या वरच्या काठाजवळ नख फिरवले असता जो कंगोरा लागतो, तो म्हणजे रिंग न पोहोचलेला मूळचा भाग. झीज त्याच्या लगेच खाली सर्वाधिक, आणि क्रँकच्या अक्षाला आडव्या दिशेने अधिक असते, म्हणून बोअर वरून खाली निमुळता आणि शिवाय लंबगोल होतो. बोअर गेज नसेल तर जुन्या रिंगेवर काम भागते: रिंग पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून प्रथम कंगोऱ्याखाली, नंतर अगदी तळाशी बसवावी, दोन्ही ठिकाणी तिच्या तोंडांतील फट फिलर गेजने मोजावी, आणि फरकाला ३.१४ ने भागावे; आलेली संख्या म्हणजे व्यासातील फरक. फटींत ०.३ मिमी.चा फरक असेल तर बोअर सुमारे ०.१ मिमी. झिजला आहे. एवढ्यावर कंगोरा काढून, होनिंग करून, नव्या रिंगा टाकणे रास्त, फरक ०.१५ मिमी.च्या पुढे गेला तर नव्या रिंगांचा खर्च पाण्यात जातो आणि बोअरिंगच करावे लागते.

बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग आणि व्हॉल्व्ह सीट कापणे ही यंत्रशाळेची कामे. त्यांसाठी ब्लॉक मोठ्या शहरात न्यावा लागतो, आणि सुटे भाग सिकंदराबादच्या राणीगंजात अथवा, फियाटचे असतील तर, तिच्या जन्मगावी कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधावे लागतात. येथे एक नियम अनुल्लंघ्य मानावा: पिस्टन आधी हाती घ्यावेत, बोअर त्यांच्या मापाने मग करावा. ‘वीस’, ‘चाळीस’, ‘साठ’ अशा हजारांश इंचांच्या मापांत मिळणाऱ्या पिस्टनांपैकी नेमके हवे ते माप बाजारात नसल्याचे ब्लॉक कापल्यानंतर कळणे, हा या व्यवसायातील नित्याचा अपघात आहे. अखेरचे मापही संपले असेल तर स्लीव्ह टाकून बोअर पुन्हा मूळ मापावर आणतात. महायुद्धपूर्व मोटारींत, उदाहरणार्थ फोर्ड मॉडेल ए हिच्यात, बेअरिंगच्या बदलत्या पट्ट्या नसून बॅबिट धातू जागेवरच ओतलेला असतो. तो ओतणारे हुन्नरी कारागीर आता विरळ झाले आहेत.

व्हॉल्व्हच्या बाबतीत १ फेब्रुवारी २००० नंतर एक नवी अडचण उभी राहिली. त्या दिवसापासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले, आणि ज्या शिशाच्या लेपामुळे अँबॅसेडरच्या बिडाच्या हेडातील एक्झॉस्ट सीटांचे रक्षण होत असे तो लेप नाहीसा झाला. सीट खचत जाते, व्हॉल्व्ह वर बसतो, आणि टॅपेटची फट पुन्हापुन्हा आवळली जाते. हे लक्षण दिसल्यास हेड खोललेले असतानाच कठीण धातूच्या सीट बसवून घेणे श्रेयस्कर. जुळणीच्या वेळी ६८ मिमी.च्या बोअरमध्ये रिंगेची फट सुमारे पाव मिलिमीटर ठेवावी, कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांची अदलाबदल होऊ देऊ नये, आणि ग्राइंडिंगचा कीस क्रँकच्या तेलवाटांत राहिला नाही याची खातरजमा स्वतः करावी. नवे इंजिन तासन्‌तास जागच्या जागी चालू ठेवून ‘बसवण्या’ची पद्धत सर्वथा चुकीची आहे, रिंगा भाराखालीच बसतात, म्हणून गाडी मध्यम वेगाने, वेग बदलत चालवावी आणि पहिले तेल पाचशे किलोमीटरवर काढून टाकावे.

पेट्रोल महागले तेव्हा अनेक जीपगाड्यांत व अँबॅसेडरांत मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले गेले. त्या काळच्या जमाखर्चात ते रास्तच होते. आज मात्र ते मालकाला महाग पडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. परंतु ती मूळ स्वरूपात राखलेली असावी, आणि सांगाडा, बॉडी अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनीही आता या वयात आल्या आहेत. म्हणून झिजलेला मूळ ब्लॉक, तडा गेलेला नसेल तर, भंगारात न देता स्लीव्ह टाकून वाचवावा, आणि तो यंत्रशाळेत पाठवण्यापूर्वी त्याच्यावर ठोकलेला इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून लिहून ठेवावा. बदललेला ब्लॉक परत आल्यास तक्रारीला दुसरा पुरावा नसतो.