दिल्लीला बर्फ पाडायचा कुणी?

सरोजिनी नगरच्या बाजारात हिवाळ्यात जाड जॅकेटांचे ढीग लागतात, पण दिल्लीतलं डबकं काही गोठत नाही. बर्फावरची हॉकी राजधानीला परकीच.

तिचं पाळणाघर सिमला. 1920 साली ब्लेसिंग्टन नावाच्या इंग्रजाने तिथे स्केटिंगचं मैदान सुरू केलं. पाणी रात्री शिंपायचं, पहाटे खेळायचं. लडाखात हा खेळ सैनिकांनी रुजवला. लेहच्या कर्झू तळ्यावर लष्करी बुटांना पाती ठोकून पोरं धावत, गोलरक्षक क्रिकेटचे पॅड बांधून उभा! हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. ऊन चढलं की मैदानच वाहून जायचं.

1989 साली भारत आंतरराष्ट्रीय महासंघात आला, तरी पुरुषांच्या संघाला पहिली आशियाई स्पर्धा मिळाली 2009 साली, अबुधाबीत. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी डेहराडूनला बंदिस्त रिंक उभी राहिली आणि खेळ आटोपल्यावर कित्येक वर्षं कुलूपबंद पडली. असला करंटेपणा आपल्याला छान जमतो.

महिलांचा संघ 2016 साली तैपेईत विजयाविनाच परतला. पुढच्या वर्षी बँकॉकात त्यांनी फिलिपिन्सला 4-3 हरवलं.